आईच्या एमआरआयमध्ये 'जुना लॅक्युनर इन्फार्क्ट' आलाय, आणि बीपीची गोळी ती डोकं दुखलं तरच घेते

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईचं वय 61, मागच्या महिन्यात चक्कर आली म्हणून एमआरआय केला, रिपोर्टमध्ये 'ओल्ड लॅक्युनर इन्फार्क्ट' (रक्त न मिळाल्याने मेंदूत पडलेला जुना छोटा डाग) आणि 'स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' असं लिहून आलं. पण त्यांना आयुष्यात कधी लकवा मारलेला नाही, हातपाय छान चालतात, घरचं सगळं त्याच बघतात. बीपी मोजलं की 160-95 च्या आसपास असतं, गोळी घरात आहे पण डोकं जड झालं तरच घेतात, कारण 'एकदा रोजची सुरू झाली की जन्माची मागे लागते'. आणि तुम्ही विचारताय की याचा अर्थ आता पॅरालिसिस येणारच का, आणि रक्त पातळ करायची गोळी लगेच सुरू करू का.

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो, पंचवीसेक वर्षं झाली, आणि असा रिपोर्ट घेऊन घाबरलेली मुलं-मुली महिन्यात चार-पाच तरी समोर बसतात. रिपोर्टमधल्या शब्दांची भीती वाटणं अगदी साहजिक आहे, पण मला तुमचा खरा प्रश्न रिपोर्टचा वाटत नाही, त्या घरात पडून असलेल्या गोळीचा वाटतो. रिपोर्टने फक्त एवढंच सांगितलंय की इतकी वर्षं जे चाललंय ते आईला जाणवत नसलं तरी मेंदूला जाणवतंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आईला न बघता मी कुठली गोळी, किती एमजी हे सांगणार नाही. शुगर आहे का, किडनीचं क्रिएटिनिन किती, ईसीजीत काय आहे, उभं राहिल्यावर बीपी एकदम खाली जातं का, यावर पुष्कळ अवलंबून आहे. आणि ती चक्कर त्या जुन्या डागामुळेच आली असंही धरून चालू नका. कूस बदलल्यावर, वर बघितल्यावर दहा-वीस सेकंद सगळं गरगर फिरलं असेल तर तो बहुतेक कानाच्या आतल्या भागाचा त्रास असतो, साध्या व्यायामाने जातो. म्हणजे एमआरआय केला एका कारणासाठी आणि सापडलं दुसरंच, हे रोज घडतं.

आता लॅक्यून म्हणजे काय ते बघू. मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास 20 टक्के तो एकटा घेतो, त्यामुळे रक्त त्याला अखंड लागतं. मोठ्या रक्तवाहिन्या मेंदूच्या तळाशी आणि पृष्ठभागावर असतात, आणि खोल आतल्या भागाला रक्त द्यायला त्या मोठ्या वाहिन्यांमधून केसासारख्या बारीक फांद्या जवळजवळ काटकोनात निघून सरळ आत घुसतात. मिलिमीटरच्या काही दशांशाएवढ्याच जाडीच्या. शेती असणाऱ्यांना मी ठिबकचं उदाहरण देतो. शेवटच्या ओळीपर्यंत पाणी जाईस्तोवर प्रेशर बरंच उतरलेलं असतं, पण मोटारीजवळ, मेनलाइनला लागून जी पहिली नळी असते तिला पूर्ण दाब बसतो, आणि प्रेशर वाढलं की आधी तीच निसटते नाहीतर फुटते. मेंदूच्या या फांद्या म्हणजे त्या मोटारीजवळच्या नळ्या. हाताच्या बोटापर्यंत जाताना रक्तवाहिनीला पन्नास फाटे फुटतात, दाब टप्प्याटप्प्याने कमी होत जातो. इथे मोठ्या वाहिनीतून थेट बारीक फांदीत, मध्ये टप्पाच नाही.

फरक एवढाच की नळी निर्जीव असते आणि रक्तवाहिनी जिवंत. दाब वाढला की ती स्वतःला वाचवायला भिंत जाड करते, भिंतीतला स्नायू वाढतो, त्यामुळे आतली वाट अरुंद होते. वर्षानुवर्षं हेच चाललं की तो स्नायू थकतो, मरतो, आणि त्याच्या जागी काचेसारखा कडक, निर्जीव पदार्थ साठतो. अशी भिंत दोन प्रकारे दगा देते. एक म्हणजे वाट पूर्ण बुजते, आणि त्या फांदीवर अवलंबून असलेला मेंदूचा छोटासा तुकडा, दीड सेंटिमीटरपेक्षा लहान, मरतो आणि तिथे पुढे पोकळी राहते. तोच तुमच्या रिपोर्टमधला लॅक्यून, शब्दाचा अर्थच खळगा. बोस्टनच्या डॉ. मिलर फिशर यांनी अशा मेंदूंचे बारीक काप तपासून बुजलेल्या फांद्या दाखवल्या आणि 1965 साली लिहिलं की या खळग्यांमागे वाढलेलं बीपी असतं. दुसरा प्रकार म्हणजे तीच कमजोर भिंत फुटते. त्याला आपण ब्रेन हॅमरेज म्हणतो, आणि बीपीमुळे होणारं हॅमरेज बहुतेक वेळा मेंदूच्या त्याच खोल भागात होतं, जिथे या फांद्या आहेत. पॅरिसमध्ये शार्को आणि बुशार यांनी 1868 मध्येच अशा फुटलेल्या फांद्यांवर बारीक फुगे पाहिले होते.

हे एवढं लांबून सांगायचं कारण असं की लोकांच्या डोक्यात 'गुठळीवाला लकवा' आणि 'रक्तस्रावाचा लकवा' हे दोन वेगळे आजार असतात, पण बीपीच्या पेशंटमध्ये पुष्कळदा ते एकाच आजारी फांदीचे दोन शेवट असतात. आईची एक फांदी बुजलेली आहे म्हणजे बाकीच्यांनी पण तोच दाब सोसलाय. त्यातली पुढची बुजेल की फुटेल की काहीच होणार नाही हे आज कुणालाच सांगता येणार नाही, पण तो दाब कमी केला की दोन्ही शक्यता कमी होतात, हे मात्र नक्की माहीत आहे.

मग लकवा का नाही आला? कारण तो डाग कुठे पडला यावर सगळं आहे. हाता-पायाच्या तारा जिथून एकत्र जातात त्या अरुंद पट्ट्यात वाटाण्याएवढा डाग पडला तर अर्धं अंग जातं, आणि तेवढाच डाग थोडा बाजूला पडला तर माणसाला पत्ताही लागत नाही. असे गुपचूप झालेले इन्फार्क्ट, लकवा झालेल्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त लोकांमध्ये सापडतात. आणि 'स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' म्हणजे खोलातल्या पांढऱ्या भागात, मेंदूच्या वायरिंगमध्ये समजा, रक्त कमी पडून पडलेले धूसर ठिपके. रिपोर्टमध्ये 'फझेकास ग्रेड', म्हणजे हे ठिपके किती आहेत त्याची पट्टी, लिहिलं असेल तर बघा. ग्रेड 1 साठीनंतर पुष्कळांत दिसतं, त्यावरून झोप घालवू नका. ग्रेड 3 असेल तर मी जास्त गंभीरपणे घेतो, कारण त्यात हळूहळू चाल मंदावते, तोल जातो, लघवीची घाई होते, हिशोबात-बोलण्यात वेळ लागायला लागतो, आणि घरचे म्हणत राहतात वय झालं. पुष्कळदा त्या 'वय झालं'च्या मागे वीस वर्षं न सांभाळलेलं बीपी असतं.

एक टेलरकाका माझ्या डोळ्यासमोरून जात नाहीत. पंचावन्नच्या आतबाहेर वय, स्वतः चालत आले, तक्रार काय तर दोन दिवस सुईत दोरा ओवता येत नाहीये, आणि गिऱ्हाईक म्हणतंय की बोलणं जरा जड वाटतं. मी शर्टाचं वरचं बटण लावायला सांगितलं. उजव्या हाताची बोटं बटणाभोवती फिरत राहिली, काजं सापडेचना, आणि हा माणूस रोज पन्नास काजी करणारा. जोर भरपूर होता, हात दाबून बघितला तर माझा हात दुखावा इतका, पण नाजूक काम गेलेलं. बीपी 190-110. स्कॅनमध्ये छोटासा एक ठिपका. खिशातून त्यांनी गोळ्यांची स्ट्रिप काढून दाखवली, दहातल्या तीन संपलेल्या, आणि ती घेऊन चार महिने झालेले. मी विचारलं या तीन कधी घेतल्या, तर म्हणाले, डोकं दुखलं तेव्हा.

म्हणून डोकेदुखीबद्दल जरा थांबून बोलतो, कारण तुमच्या आईचं सगळं त्यावरच चाललंय. बीपी वाढलं की डोकं दुखतं, नाकातून रक्त येतं, मान जड होते, मग गोळी घ्यायची, असा आपल्याकडे घरोघरी समज आहे. पण बहुतेक माणसांचं बीपी 160-170 असताना त्यांना काहीही जाणवत नाही. डोकं दुखतं ते जागरणाने, पित्ताने, चष्म्याच्या नंबरने, आणि त्या दुखण्याने त्या दिवशीचा आकडा थोडा वाढतो, मग मशीनवर तो बघून आपण म्हणतो बीपीमुळे दुखलं. म्हणजे डोकं हा बीपीचा मीटर नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी मार्च 1944 मध्ये तपासलं तेव्हा 186-108 होतं, पुढे त्याहून बरंच वाढलं, तरी ते निवडणूक लढले, युद्धाच्या बैठकांना गेले. 12 एप्रिल 1945 ला त्यांनी डोक्याच्या मागे भयंकर दुखतंय असं सांगितलं आणि कोसळले. तेव्हा बीपी 300-190 होतं, त्याच दिवशी गेले, वय 63. ती डोकेदुखी इशारा नव्हती, रक्तवाहिनी फुटल्यावरची होती. आणि त्यांच्या डॉक्टरांकडे आज पाच-दहा रुपयांत मिळते तशी एकही गोळी नव्हती. मीठ कमी करा, आराम करा, एवढंच.

आता आकड्यांकडे. 10 लाख माणसांच्या 61 अभ्यासांची एकत्र पाहणी 2002 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली होती, त्यात दिसलं की 40 ते 69 वयात 115-75 पासून पुढे वरचं बीपी 20 ने किंवा खालचं 10 ने वाढलं की स्ट्रोकने, म्हणजे मेंदूतल्या गुठळीने किंवा रक्तस्रावाने, मृत्यूचा धोका दुपटीहून जास्त होतो, पुढच्या 20 ला परत दुप्पट. म्हणजे 140 ला कुठली भिंत नाहीये की अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे धोका. आणि हे शहरातल्या ताणाचं वगैरे नाही बरं का. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने 2011 ते 2013 या काळात 86 गावांमधल्या मृत्यूंची कारणं शोधली तर सगळ्यात वरचं कारण स्ट्रोक निघालं, दर 7 मृत्यूंमागे 1. शेतात राबणारी, सडपातळ माणसं ही. मला अजूनही बायका म्हणतात, आम्ही कष्टाची माणसं, आम्हाला कसलं बीपी. त्यांना मी गडचिरोलीचं सांगतो.

चांगली बाजू पण तितकीच पक्की आहे. 1991 च्या 'शेप' अभ्यासात साठीच्या पुढच्या, फक्त वरचं बीपी वाढलेल्या लोकांना गोळी दिली तर स्ट्रोक 36 टक्क्यांनी कमी झाले. ऐंशीच्या पुढे गोळी द्यायची की नाही यावर आम्ही डॉक्टर भांडायचो, 2008 च्या 'हायवेट'ने तिथेही फायदा दाखवला. आणि आईसारख्या रिपोर्टला सगळ्यात जवळचा अभ्यास म्हणजे 'एसपीएस थ्री'. त्यात 3000 लोक, सगळ्यांना लॅक्युनर स्ट्रोक होऊन गेलेला. अर्ध्यांचं वरचं बीपी 130 च्या खाली ठेवलं, अर्ध्यांचं 130 ते 149. 2013 मध्ये निकाल आला, परत स्ट्रोक होण्याचं प्रमाण खालच्या गटात थोडं कमी दिसलं पण ठामपणे म्हणता येईल इतकं नाही, मात्र मेंदूतला रक्तस्राव निम्म्याहूनही कमी झाला. त्या लोकांना लक्षणं आलेली होती, आईला नाहीत, हा फरक आहेच, पण फांद्या त्याच.

म्हणून माझी पद्धत अशी. आधी 140-90 च्या खाली आणायचं, ते काही आठवडे टिकलं आणि उभं राहिल्यावर चक्कर नाही आली तर 130-80 च्या जवळ. थकलेली, पडणारी, खाणं तुटलेली आजी असेल तर मी 140 ला समाधान मानतो. तुमची आई 61 ची आणि धडधाकट आहे, तर 130 कडे जायला हरकत नसावी.

पण हळू. हे मी अनुभवाने शिकलो. आम्ही शिकत होतो तेव्हा कुणाचं बीपी 200 दिसलं की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकायची, दहा मिनिटांत 140, सगळे खूश. मीही टाकलीय. एका आजोबांचं बीपी असं झरकन उतरलं आणि तासाभरात त्यांचा डावा हात लुळा पडला. तेव्हा मला वाटलं की बीपीमुळे झालं, औषधाला उशीर झाला. 1996 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये लेख आला की ही पद्धत बंद करा, यानेच स्ट्रोक आणि हार्ट अटॅक होतायत, आणि तो वाचून मी रात्रभर त्या आजोबांचा विचार करत होतो. होतं काय की मेंदू स्वतःचा रक्तपुरवठा स्वतः सांभाळतो. बीपी वाढलं की त्याच्या वाहिन्या आकसतात, उतरलं की सैल होतात, आत येणारं रक्त सारखंच राहतं. पण वर्षानुवर्षं 180 ची सवय झालेल्या मेंदूची ही पूर्ण पट्टीच वर सरकलेली असते. त्याला एकदम 120 वर आणलं तर जाड झालेल्या वाहिन्या तेवढ्या सैल होऊ शकत नाहीत आणि रक्त कमी पडतं. तोच मेंदू दोन-तीन महिन्यांत हळूहळू आणला तर पट्टी परत खाली सरकते. म्हणून काहीही लक्षण नसताना मेडिकलवर मशीनने 190 दाखवलं तर धावपळ करून लगेच उतरवू नका, शांत बसा, परत मोजा, आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी डॉक्टरला दाखवा. छातीत दुखणं, धाप, नजर जाणं, बोबडी वळणं, गुंगी असं काही असेल तर मात्र सरळ हॉस्पिटल.

आता बघा, आई जे करतात ते नेमकं याच्या उलट आहे. दहा दिवस 160-170, एक दिवस गोळी, त्या दिवशी 130, परत 170. सगळ्या फांद्यांना वरखाली धक्के. अर्धवट घेतलेली गोळी म्हणजे अर्धा फायदा असं त्यांना वाटत असेल, पण तसं नाहीये. काही गोळ्या तर एकदम सोडल्या की बीपी आधीपेक्षाही वर उसळतं, क्लोनिडीन आणि बीटा ब्लॉकर या त्यातल्या.

'जन्माची मागे लागते' याचं उत्तर मी असं देतो. गोळीची सवय लागत नाही, आजार जन्माचा असतो. चष्मा लावल्याने नंबर लागत नाही, नंबर असतो म्हणून चष्मा लावतो. आणि कधी कधी गोळी कमी पण होते, वजन सात-आठ किलो उतरलेल्या, मीठ खरंच कमी केलेल्या पेशंटच्या दोन गोळ्यांची मी एक केलीय, एक-दोघांची बंदही. पण ते मोजून, बघून, स्वतःहून नाही.

गोळीने त्रास होतो म्हणून सोडली असेल तर तेही विचारा, आया सांगत नाहीत. अॅम्लोडिपिनने घोट्याला सूज येते, एनालाप्रिल-रॅमिप्रिलने कोरडा खोकला येतो, लघवीच्या गोळीने साठीच्या पुढच्या बायकांचं सोडियम कधी कधी उतरतं आणि मग अशक्तपणा, गोंधळल्यासारखं होतं. प्रत्येकाला पर्याय आहे. एकाच गोळीचा डोस वाढवत नेण्यापेक्षा कमी डोसच्या दोन औषधांची एकत्र गोळी पुष्कळदा जास्त चालते आणि त्रासही कमी देते.

आणि गुडघे दुखतात का हो आईचे? मी हे मुद्दाम विचारतोय. मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या बीपी वाढवतात, किडनीला त्रास देतात आणि बीपीच्या गोळीचा असर पण कमी करतात. बीपी कंट्रोल होत नाही म्हणून माझ्याकडे पाठवलेल्या दर पाच-सहा बायकांत एक तरी अशी सापडते जी रोज सकाळी गुडघ्यासाठी एक 'साधी गोळी' घेते आणि ती औषधांत धरतच नाही. सर्दीच्या गोळ्या, पित्तासाठी घेतात ते सोड्याचं पाकीट, खोकल्यासाठी महिनोन्महिने चघळलेलं ज्येष्ठमध, हे सगळं त्याच यादीतलं. मिश्री लावत असतील तर ती पण सांगा, लाजेने लपवतात. आणि घोरणं असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर तेही.

मिठाचं थोडक्यात. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, सगळं धरून. भाजीतलं चिमूटभर कमी करून काही होत नाही जर ताटात लोणचं, पापड, ठेचा, सुकट आणि संध्याकाळी फरसाण असेल तर. एका वेळी एकच काढा, आधी पापड, पंधरा दिवसांनी लोणचं. सैंधव हे पण मीठच आहे, त्याने काही वाचत नाही. पोटॅशियमवालं कमी सोडियमचं मीठ मिळतं, चीनमधल्या 2021 च्या मोठ्या अभ्यासात त्याने स्ट्रोक 14 टक्क्यांनी कमी झाले, पण किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात आणू नका, पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. लसूण, अर्जुनसाल घ्यायची तर घ्या पण गोळी सोडून नाही.

पुढच्या आठवड्यात एक काम करा. दंडाला बांधायचं मशीन आणा, मनगटाचं नको. आईचा दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्टा आकडा खोटा वाढवून दाखवतो. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, गोळीच्या आधी, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. संध्याकाळी परत दोनदा. सात दिवस, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरची सरासरी 135-85 च्या वर असेल तर बीपी आहेच, दवाखान्यात भीतीने वाढतं हा मुद्दा संपला. मोजताना बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही, हे ऐकायला साधं वाटतं पण बोलल्याने दहा पॉइंट सहज वाढतात. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांचं बघा, आणि एक-दोनदा उभं करून मिनिटाने पण मोजा, तो आकडा डॉक्टरला फार उपयोगी पडतो.

रक्त पातळ करायच्या गोळीचं. लगेच सुरू करू नका, स्वतःहून तर नाहीच. लक्षण नसलेल्या, सहज सापडलेल्या डागासाठी ॲस्पिरिन द्यायची की नाही हे प्रत्येक पेशंटमध्ये वेगळं ठरतं, शुगर, हृदय, मानेच्या रक्तवाहिन्या, सगळं बघून. बीपी 160 असताना ती दिली तर फुटायच्या बेतातल्या फांदीला आपण रक्त न गोठण्याचं औषध देतोय, हे लक्षात घ्या. एमआरआयमध्ये 'मायक्रोब्लीड', म्हणजे बारीक रक्तस्रावाची खूण, असा शब्द असेल तर आणखी जपून. त्याच 'एसपीएस थ्री' अभ्यासात ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करायची दुसरी गोळी वर्षानुवर्षं दिली तर स्ट्रोक कमी झाले नाहीत, रक्तस्राव वाढला आणि मृत्यूही. लकव्यानंतर डॉक्टर ठराविक दिवसांसाठी दोन्ही देतात तो भाग वेगळा. एक ईसीजी मात्र नक्की करा. जुन्या बीपीने हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि तिथून गुठळी मेंदूत जाते, तसं असेल तर पातळ करायचं औषध लागतंच, आणि ते वेगळं असतं.

आणि घरात सगळ्यांना हे माहीत असू द्या. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात वर राहत नाही, बोलणं अडखळतं किंवा भलतंच बोलतात, एकदम तोल जातो, एका डोळ्यासमोर अंधार, यातलं काहीही अचानक झालं तर घड्याळ बघा आणि 108 लावा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही हे बघितल्यावर, म्हणून सीटी असलेल्या हॉस्पिटललाच न्या, आधी गावातल्या दवाखान्यात सलाईन लावायला नको. शेवटचं व्यवस्थित कधी बघितलं ती वेळ डॉक्टरला सांगा. झोपेतून उठताना दिसलं तर झोपायला गेल्याची वेळ. पाणी पाजू नका, गिळता येत नसेल तर फुप्फुसात जातं. ॲस्पिरिन देऊ नका, आत गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून ओळखता येत नाही, मलाही नाही. आणि बीपी 200 दिसलं म्हणून बीपीची जादा गोळी पण देऊ नका. गुठळीच्या लकव्यात मेंदू त्या वाढलेल्या दाबानेच आजूबाजूचा भाग जगवत असतो, इंजेक्शन द्यायचं नसेल तर आम्ही 220-120 पर्यंत हात लावत नाही, द्यायचं असेल तर 185-110 च्या खाली आणतो, आणि रक्तस्राव असेल तर 140 च्या आसपास. तीन वेगळी उत्तरं, आणि ती सीटीनंतरच कळतात. आपल्याकडे 'अंगावरून वारं गेलं' म्हणून पहिल्याच दिवशी लकव्याच्या औषधाच्या गावाला गाडी करून नेतात, मी शंभर किलोमीटर फिरून तिसऱ्या दिवशी आलेले पेशंट बघितलेत, आणि त्या वेळी माझ्याकडे द्यायला फारसं काही उरत नाही. पाच-दहा मिनिटांत आपोआप बरं झालं तरी त्याच दिवशी दाखवा, कारण त्यानंतरचे दोन दिवसच सगळ्यात धोक्याचे.

तुम्ही शेवटी विचारलंय की एमआरआय परत कधी करायचा. नवीन काही लक्षण नसेल तर करायचा नाही. तो डाग जाणार नाही, त्याच्याकडे बघत बसून काही मिळणार नाही, त्या पैशात दोन वर्षांच्या गोळ्या येतील. बदलायचा तो मशीनवरचा आकडा.

आईला हे सगळं वाचून दाखवू नका, घाबरतील. त्यांना तो डाग फिल्मवर दाखवा, रेडिओलॉजिस्टने बहुतेक बाण केलेला असतो, आणि सांगा की हा झाला त्या दिवशी तुझं डोकं दुखलं नव्हतं. टेलरकाकांनी त्या दिवसानंतर स्ट्रिप शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, कात्रीच्या शेजारी ठेवायला सुरुवात केली, दुकान उघडलं की कात्री काढायची आणि गोळी घ्यायची. तीन महिन्यांनी हात बराच सुधारला, बीपी 132-80 होतं, आणि मला दाखवायला म्हणून त्यांनी माझ्या टेबलाशी बसूनच सुईत दोरा ओवला, दोन वेळा चुकला, तिसऱ्यांदा गेला. तुमच्या आई सकाळी उठल्यावर आधी काय हातात घेतात ते बघा, आणि स्ट्रिप तिथे ठेवा.